दादाच्या गाडीचा थ्रॉटल

“साठचीच बसव. इंजिनाला काय चहाच्या गाळणीतून श्वास घ्यायला लावतोस?” दादाने गॅरेजच्या टेबलावरची सर्वांत मोठी थ्रॉटल बॉडी उचलली आणि तिच्यातून बारक्याकडे पाहिलं. बारक्या त्याचा धाकटा भाऊ. केस पिकले, स्वतःचं गॅरेज झालं, तरी दादाच्या तोंडी तो बारक्याच.

“साठ मिलिमीटर फार होतात, दादा. या इंजिनाला हिशेबाने पन्नास पुरे.”

“मला हिशेब शिकवतोस? शर्यती मी मारल्या की तू?”

“तू मारल्यास. मोडलेल्या गाड्या मी जुळवल्या.”

दादा खो खो हसला आणि बाहेर पडला. उजव्या पायातली चप्पल उंबऱ्याच्या आतच राहिली. तो तसाच चार पावलं पुढे गेला, त्याला पत्ताच नव्हता. दाराशी बसलेल्या वहिनींनी ती उचलली.

“भाऊजी, कार्बोरेटरमध्ये खरंच काही निघालं होतं का हो?”

बारक्याने नकारार्थी मान हलवली. गेल्या महिन्यात दादाच्या हातून गाडी एकदम उसळून शेजाऱ्यांच्या फाटकावर गेली होती. कार्बोरेटर अडकला, असं दादाने सगळ्यांना सांगितलं. बारक्याने तो खोलला, तर आत कचरासुद्धा नव्हता. तरी बारक्याच म्हणाला होता, जुना झालाय, काढून टाकू, फ्युएल इंजेक्शन बसवू. मधुमेहाने दादाचा तळपाय बधिर झाला होता. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कोणी नव्हतं.

“उसळणार नाही असं काहीतरी करा,” वहिनी म्हणाल्या. “गाडी सोडा म्हणायचं माझ्याच्याने होत नाही. घरात बसवलं की हा माणूस संपला.”

थ्रॉटल बॉडी म्हणजे या इंजेक्शनमधली, इंजिनाला हवा देणारी नळी. अ‍ॅक्सिलरेटरचं पॅडल दाबलं की तिच्यातली पाकळी उघडते. नळी रुंद असली तर पाय जरासा पडला तरी भसकन हवा शिरते आणि गाडी झेपावते. अरुंद असली तर तेवढ्याच दाबाला गाडी सावकाश निघते. वरचा जोर थोडा जातो, पण पायाची चूक ती पोटात घालते. बारक्याने चव्वेचाळीसची बसवली आणि दादाला पन्नास सांगितलं.

गाडी तयार झाल्यावर दादा स्टिअरिंगवर बसला. बारक्या शेजारी, वहिनी मागे. गाडी अलगद निघाली. एक धक्का नाही, हिसका नाही. वहिनींनी मागे टेकून डोळे मिटले.

“ही पन्नास नाही,” थोड्या वेळाने दादा म्हणाला.

“चव्वेचाळीस आहे.”

“मोठ्या भावाला फसवतोस?”

“हो.”

“बरी चालते पण, लेका.”

चौकात सिग्नल लाल झाला. दादाने रस्त्यावरची नजर काढली आणि वाकून खाली पाहिलं. पाय उचलला, ब्रेकवर ठेवला, नीट पडलाय ना ते पाहिलं आणि मग दाबला. गाडी पांढऱ्या पट्ट्यांच्या मधोमध थांबली. रस्ता ओलांडणारा एक माणूस उडी मारून बाजूला झाला आणि त्याने बॉनेटवर थाप मारली.

“आजोबा, झोपलात का?”

आठवडाभर बारक्या एकाच पॅडलचा विचार करत होता; ब्रेक त्याच्या मनातच आला नव्हता.

सिग्नल सुटला. दादाने चौक ओलांडून गाडी हळूहळू कडेला घेतली.

“बारक्या, तू घे जरा. मला इंजिन ऐकायचंय. चालवताना धड ऐकू येत नाही.”

“ऐक. येताना तू घे.”

“बघू.”

दोघांनी जागा बदलल्या. दादाने काचेचा दांडा फिरवला. दांडा फिरला, काच हलली नाही.

“या बाजूची काच उतरत नाही का रे?”

“नाही.”

“कधीपासून?”

“गाडी घेतल्यापासून,” वहिनी मागून म्हणाल्या. “तुम्ही या बाजूला बसलात कधी?”

दादाने दांडा आणखी एकदा फिरवून पाहिला. मग हात मांडीवर ठेवला आणि बंद काचेतून बाहेर बघत राहिला.