सरकारी भिंत

"मामा, हिच्यापुढे धर्म कोणता लिहू?" कारकुनाने विचारलं.

मी शिडीवर, हातात बायकोचा फोटो. शिपायाच्या नोकरीत तीस वर्षं काढली, पण असला प्रश्न कुणी विचारला नव्हता. सकाळीच हुकूम आला होता : सरकारी कचेरीत कुठल्याच धर्माचं चित्र नको, मूर्ती नको, पूजा नको, काढलेल्या वस्तूंची धर्मासकट यादी करा. टेबलाटेबलांवरचे देव मी पोत्यात भरले. हुकूम मला पटलाही. कामाला आलेल्या माणसाला भिंतीकडे बघून परकं वाटू नये. पण पोत्यात ही कशी?

"अरे, बायको आहे माझी!"

"पण तुम्ही रोज फूल वाहता, मामा. जाता-येता आम्हीही हात जोडतो."

खरंच होतं. ही इथेच झाडलोट करायची. जिवंत असताना 'तिकडचा कोपरा राहिला' याखेरीज कुणी तिच्याशी चार शब्द बोललं नाही. गेल्यावर मात्र सगळे हात जोडायला लागले. आता त्याचंच निमित्त झालं.

कचेरीच्या मुख्य मॅडमकडे गेलो. बाई सरळ मनाच्या. कपाळ चोळत म्हणाल्या, "मामा, मलाही कळत नाहीये. नुसता फोटो चालला असता. पण फूल आलं की पूजा झाली. तुमचा ठेवला, तर बाकीच्यांना कुठल्या तोंडाने नाही म्हणू?"

"फूल नाही वाहत."

"आणि लोकांचे हात?"

मी बाहीने फोटोची काच पुसली.

"घरी न्या ना. घरी कोण अडवतंय?"

घरीच तर अडलंय. मुलाने नवा पंथ घेतला. त्यात माणसाचं चित्र भिंतीवर चालत नाही. पोरगा वाईट नाही. आईचा फोटो माझ्या हातात देताना ढसाढसा रडला. "बाबा, कुठेही ठेवा, पण घरात नको." म्हणून इथे आणला. म्हटलं, सरकारी भिंत सगळ्यांची. तिकडे धर्म आडवा आला, इकडे धर्म नको म्हणून अडलं. चूक कुणाची, देव जाणे! आणि तो तर पोत्यात.

संध्याकाळी फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून बसस्टॉपवर आलो. सकाळचं फूल खिशातच चुरगळलं होतं. घराकडची बस लागली.

"चला मामा, येताय ना?" कंडक्टर ओरडला.

"तुम्ही व्हा पुढे."

बस गेली. बाकावरची धूळ मी रुमालाने पुसली, तिला धूळ खपायची नाही, आणि तिला शेजारी बसवलं.