ज्योतीरामच्या दारातली शिडी

सकाळचा उजेड आमच्या चाळीत कधी घाईने येत नसे. आधी तो समोरच्या ओळीच्या कौलांवर टेकून बसे, जणू खाली उतरावे की नाही याचा विचार करीत आहे. मग नळावर रांगेत ठेवलेल्या हंड्यांच्या गळ्यांवरून घसरत तो अंगणात येई. तिथे दोरीवर वाळत घातलेले खाकी सदरे असत, पहिल्या पाळीला निघालेल्या सायकलींची चाके असत, हँडलला टांगलेले जेवणाचे डबे असत. या सगळ्यांना हात लावून झाला की तो आठव्या खोलीच्या ओट्यावर चढे. ओट्यावर, भिंतीलगत, मी आडवी पडलेली असे. तो माझ्या पहिल्या पायरीला स्पर्श करी, मग दुसरीला, मग तिसरीला. त्या वेळी उघड्या दारातून खोलीत शिरलेल्या त्याच्याच एका पट्ट्यात पिवळसर भुकटी तरंगताना दिसे. इतकी बारीक, इतकी सावकाश, की न जाणणाऱ्याला ती सुंदरच वाटावी. माझी शेवटची पायरी ओलांडून उजेड भिंतीवर आणखी दोन हात पुढे चालत जाई. त्या रिकाम्या दोन हातांकडे मी पाहत नसे.

मित्रांनो, मी एक शिडी आहे; सागाच्या दोन दांड्यांची आणि बाभळीच्या पायऱ्यांची. तुम्ही शाळेतून आलात की माझ्या पायऱ्यांमधल्या चौकोनांत लंगडी घालता, तेवढी आपली ओळख. पण मी या अंगणात कशी येऊन पडले, ते तुम्हाला कुणी सांगितलेले नाही. आज सांगते.

माझा जन्म त्रेसष्ट सालचा. आकुर्डीच्या माळावर तेव्हा कारखान्यांच्या भिंती उठू लागल्या होत्या आणि दूरदूरच्या जिल्ह्यांतून माणसे ट्रंका घेऊन उतरत होती. बबनरावांची बरीचशी जमीन कारखान्याकडे गेली होती. उरलेल्या पट्टीवर त्यांनी दहा खोल्यांची ही कौलारू चाळ बांधायला काढली. चिखलीचे किसन सुतार कामाला होते. त्यांनी जमिनीपासून आढ्यापर्यंत, म्हणजे छपराच्या मधल्या उंच लाकडापर्यंत, दोरीने माप घेतले आणि त्या मापाने मला घडवले. शेवटची पायरी ठोकून झाल्यावर त्यांनी माझ्यावर चढून आढ्यावर थाप मारली.

"मालक, बराबर हात पोचतोय बघा. नऊ पायऱ्या हायती. यातली एक बी कमी करू नगा."

"म्या कशापायी कमी करू?" बबनराव खालून हसले. "चाळ हाय तवर ही हाय."

ती माझी कौतुकाची वर्षे. तेव्हाचे बबनराव वेगळे होते, हे मला सांगितलेच पाहिजे. कुणाचे कौल सरकले, कुणाचा वासा कुरकुरला, की ते दिवस मावळायच्या आत मला खांद्यावर घेऊन येत आणि त्या खोलीच्या दाराशी आडवी ठेवत. दुसऱ्या दिवशी सकाळी किसन सुतार हजर. यातून चाळीत एक रीतच पडून गेली. दारात शिडी आली, म्हणजे मालकाचा शब्द आला. मग भाडेकरूने पुन्हा विचारायचे नसते. विचारणे म्हणजे मालकाच्या तोंडावर त्याला खोटे म्हणण्यासारखे. माझ्यामुळे एका माणसाचा शब्द दुसऱ्याला दिसू शकतो, या अभिमानाने माझे लाकूड फुगून येई.

मग बबनरावांनी रस्त्याच्या पलीकडे सिमेंटचे घर बांधले. किसन सुतारांनी पटाशी ठेवून दिली आणि कारखान्यात नोकरी धरली. मला नव्या घराच्या माळ्यासाठी नेण्यात आले. माळा ठेंगणा होता आणि मी त्याच्या तोंडातून वर डोकावत असे. एका दुपारी करवत आणली गेली. त्या दुपारविषयी मला अजूनही बोलवत नाही. त्यानंतर चार वर्षे मी कांद्याच्या वासात उभी राहिले. कुणी थाप मारली नाही, कुणी कौतुक केले नाही.

म्हणून शहात्तरच्या दिवाळीआधी बबनरावांनी मला पुन्हा खांद्यावर घेतले आणि चाळीतल्या आठव्या खोलीच्या ओट्यावर आणून ठेवले, तेव्हा मला किती आनंद झाला असेल याची कल्पना करा.

आठव्या खोलीत ज्योतीराम आणि त्याची पत्नी इंदुताई राहत. ज्योतीराम भूम तालुक्यातला, आकुर्डीच्या कारखान्यात तपासणी खात्यात होता. यंत्रातून निघालेला प्रत्येक भाग मोजायचा आणि केसभर जरी फरक असला तरी बाजूला काढायचा, हे त्याचे काम. बोलणे मोजके, मान खाली. त्याच्या खोलीच्या आढ्याला कीड लागली होती. लाकडाच्या बारीक भोकांतून दिवसभर भुकटी गळे. भाकरीवर, पाण्यावर, अंथरुणावर.

भाकरीवरची भुकटी त्यांनी झटकून टाकली असती. पण गावी ज्योतीरामची आई, भिमाबाई, मोतीबिंदूने हळूहळू अंधारात चालली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करायचे कबूल केले होते, एका अटीवर. नंतर चाळीस दिवस तिने उताणे निजायचे, आणि डोळ्यात एक कणसुद्धा जाता कामा नये. गावी तिला पाहणारे कुणी नव्हते. म्हणजे ही खोली, आणि या खोलीचे हे आढे.

"आढं बदलल्याबगार आईला आणता येत न्हाई, मालक," ज्योतीराम म्हणाला होता. एवढे लांब वाक्य तो बबनरावांसमोर प्रथमच बोलला असावा.

"आरं, आणली न्हवं शिडी? आता कशाचा घोर करतोस?" बबनरावांनी माझ्यावर हात ठेवला. "दिवाळी हुंदे. किसनला कंपनीतनं सुट्टी मिळाली की दोन दिसात नवं आढं."

"न्हाईतर म्या दुसरा सुतार बघू का?"

"ह्या घराला परका हात लागायचा न्हाई. शब्द हाय माझा."

ज्योतीरामने त्या दिवशी इंदुताईला सांगितले, "शिडी ठिवलीय. आता काम झाल्यातच जमा."

दिवाळी झाली. मग सुगी आली. मग किसनला सुट्टी नव्हती, मग लाकूड ओले होते, मग बबनरावांच्या घरी लग्न निघाले. प्रत्येक वेळी ज्योतीराम निम्म्या रस्त्यापर्यंत जाई आणि मला दारात पाहून परत फिरे. रीत त्याला ठाऊक होती.

इंदुताईने मात्र एक युक्ती केली होती. रोज सकाळी ती सासूसाठी मांडून ठेवलेल्या खाटेवर पितळेचे ताट ठेवी. पहिल्या पाळीहून ज्योतीराम परतला की त्या ताटावर बोटाने एक रेघ ओढून त्याच्यासमोर धरी. पिवळ्या भुकटीत ती रेघ लखलखीत उमटे. ज्योतीराम ताट पुसून जागेवर ठेवी.

शेजारच्या शालनबाईंना गप्प बसणे जमत नसे. "इंदे, ही शिडी न्हवं, तुझ्या दारात जावई येऊन निजलाय बघ! उठत बी न्हाई, कामाला बी जात न्हाई. वर आणि झाडताना आपणच ह्याला सांभाळायचं!"

"मालकांनी शब्द दिलाय, काकू," ज्योतीराम आतून म्हणे.

"आढ्याला कीड लागली ते भुकटीवरनं कळतं रं बाबा. शब्दाला लागली म्हंजे कशावरनं कळायचं?"

मला शालनबाईंचा राग येई. मी जावई नव्हते. मी कामाची वस्तू होते आणि कामावर बोलावली गेले होते. सुतार येईल, मला उभी करील, असे मी रोज उजेडाला सांगत असे. आणि उजेड रोज माझ्या पायऱ्या मोजून पुढच्या रिकाम्या भिंतीवर जाई.

दुसऱ्या वर्षीच्या चैत्रात भिमाबाई चार दिवसांसाठी आली. एस.टी.तून उतरल्यापासून तिने मुलाचा दंड सोडला नव्हता. ओट्यावर चढताना तिचे पाऊल माझ्यावर अडखळले. ती खाली बसली आणि तिने मला चाचपायला सुरुवात केली. मित्रांनो, किसन सुतारांनंतर मला इतक्या सावकाश कुणी हात लावला नव्हता. तिचे खरखरीत बोट एका पायरीवरून दुसरीवर गेले, आणि शेवटी दांड्यांच्या कापलेल्या टोकांवर थांबले.

"सात पायऱ्या हायत्या, ज्योती."

"असत्याल, आई."

"आढं लई उंच हाय का तुझं?" तिने आतल्या दिशेने तोंड वर केले. तिला दिसत काहीच नव्हते, पण खोलीतला आवाज किती वर जाऊन परत येतो हे ती ऐकत होती. "आरं, ही पोचती का तितवर? अन् हितं कुणीतरी कापल्याली दिसती."

ज्योतीराम हसला. दिवसभर केसाच्या जाडीवरून भांडणारा तो माणूस हसला आणि म्हणाला, "मालकांनी ठिवली म्हंजे पोचत असंलच की, आई. त्यास्नी काय कळत न्हाई व्हय?"

त्याची मोजपट्टी खिशातच होती. ती त्याने काढली असती तर अर्ध्या मिनिटात सगळे कळले असते. पण मालकाने दारात ठेवलेल्या वस्तूला मोजपट्टी लावणे त्याच्या हातून होणे शक्य नव्हते. ते त्याला आईसमोर मालकाची झडती घेतल्यासारखे वाटले असते. भिमाबाईने माझ्यावरचा हात काढला. "बरं," एवढेच ती म्हणाली. चार दिवसांनी ती गावी परतली. आढे बदलले की मुलगा न्यायला येणार होता.

तो गेला, पण आढे बदलल्यावर नव्हे. पुढच्या माघात गावाहून पत्र आले: आईचा उजवा डोळा लाल झाला आहे, ठणका सोसवत नाही. ज्योतीराम तिला थेट पुण्याला घेऊन गेला. मोतीबिंदू पिकून डोळ्यात ताण वाढला होता. उजवा डोळा गेला होता. डाव्याची शस्त्रक्रिया करून बघू, वाचेलसे वाटते, असे डॉक्टर म्हणाले. "सहा महिने आधी का आणलं नाही?" असेही त्यांनी विचारले. हे सगळे ज्योतीरामने ओट्यावर बसून इंदुताईला सांगितले, माझ्यापासून हातभर अंतरावर.

मग तो उठला, त्याने मला उचलले आणि खोलीत नेऊन उभे केले.

खोटे कशाला बोलू? त्या क्षणीही मला आनंद झाला. दोन वर्षांनंतर कुणीतरी मला उभी करीत होते. ज्योतीराम चढला. पाचवी, सहावी, सातवी. भिंतीला धरून तो शेवटच्या पायरीवर टाचा उंचावून उभा राहिला आणि त्याने हात वर ताणला. त्याची बोटे आणि आढे यांच्यामध्ये सकाळचा उजेड होता आणि त्यात भुकटी तरंगत होती. त्याने मोजपट्टी काढली आणि ते अंतर मोजले. उतरला तेव्हा तो डोळे चोळत होता.

"कण गेला," तो म्हणाला.

बबनराव रस्त्यावरून जाताना दिसले तेव्हा ज्योतीरामने त्यांना हाक मारून दारापर्यंत बोलावले. मान खाली नव्हती.

"मालक, ही शिडी आढ्याला पोचत न्हाई. सव्वादोन फूट कमी हाय."

"व्हय, ती माळ्याची हाय न्हवं? म्याच कापली की." बबनराव इतक्या सहज बोलले की मी भिंतीवरून घसरते की काय असे मला वाटले.

"मग दारात कशापायी ठिवली?"

"आरं, तुझ्या जिवाला बरं वाटावं म्हून!" ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "चार वर्षांत ही चाळ पाडून पक्की बांधायची हाय. पाडायच्या घराला नवं लाकूड कोण घालतं, तूच सांग? अन् तू सोडून गेला असतास, तर खोली मोकळी पडून तरी काय उपेग?"

"माझ्या आईचा डोळा गेला, मालक."

बबनरावांनी आढ्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले नाही. "वय झालं की जातोच," असे काहीतरी पुटपुटत ते पुढे निघाले.

शालनबाई दारात उभ्या होत्या. त्या आत जाऊन इंदुताईला भांडी बांधू लागल्या.

आठ दिवसांत ज्योतीरामला चिखलीत पत्र्याची एक खोली मिळाली. अंधारी होती, पण वरून काही गळत नव्हते. तिथे भिमाबाई चाळीस दिवस उताणी निजली आणि तिचा डावा डोळा उघडला, असे शालनबाईंकडून मला कळले. मोजून आठ दिवस, मित्रांनो. ती खोली त्यांना दोन वर्षांपूर्वीही आठ दिवसांत मिळाली असती. त्यांनी ती शोधली नाही, कारण दारात मी होते.

आता ऐंशी साल उलटले आहे. चाळ अजून पाडलेली नाही. आठव्या खोलीत नवे बिऱ्हाड आहे आणि त्यांच्याही भाकरीवर भुकटी पडते. मला कुणी माळ्यावर परत नेले नाही. अंगणात टाकले, आणि तुम्ही लंगडी खेळू लागलात. उन्हाने माझे दांडे फाटत आहेत. जमत असेल तर मला सावलीत सरकवा, दांड्यांना थोडे तेल लावा. अजून ठेंगण्या माळ्याच्या उपयोगी मी पडेन. आणि मोठे झाल्यावर कुणाच्या दारात काही वस्तू आशा म्हणून ठेवाल, तर आधी ती उभी करून पाहा. ज्याच्या दारात ठेवली आहे त्याला ती मोजू द्या, आणि तो मोजू लागला तर रागावू नका.

मी इतकी वर्षे सगळा दोष बबनरावांवर ठेवला. त्यांनी ज्योतीरामला फसवले, मलाही फसवले, असे मी उजेडाला सांगत आले. पण ज्या दुपारी करवत आली, त्या दुपारी मी तिथेच होते. माझे दोन हात कापून चुलीत घातलेले मी पाहिले होते. आठव्या खोलीच्या ओट्यावर मला ठेवले, त्या पहिल्या सकाळी उघड्या दारातून मी वर पाहिले होते.

मी त्या आढ्यापर्यंत पोहोचत नव्हते, आणि हे मला तेव्हाच ठाऊक होते.