सातवा डोळा

माझा धाकटा भाऊ गोरक्ष भादव्यात तापाने गेला. द्राक्षबागेची चैत्रातली छाटणी त्याने केली होती, आश्विनातली माझ्यावर आली. बाग पिंपळगावातली, सहाशे वेलांची. हंगाम बुडाला तर त्याच्या बायकोला, नवसाबाईला, तिचे भाऊ पोरीसकट माहेरी नेणार होते. दहाव्यालाच तसं बोलून गेले होते.

छाटणीच्या आदल्या दिवशी ती पदर सावरत बांधावर येऊन उभी राहिली.

"दादा, चार डोळ्यांवर कापू नका. सात ठेवा. यंदा वैशाखभर आभाळ व्हतं, खालचे डोळे रिकामे हायेत, आसं ते म्हनले."

"कवा म्हनला?"

"जायच्या आदल्या दिवशी. आन् परवा तिन्हीसांजंला पुन्हा."

काडीच्या पेरावर जी कळी असते तिला आम्ही डोळा म्हणतो. ऊन मिळालं तर पुढचा घड उन्हाळ्यातच तिच्या पोटात बसतो, पण बाहेरून काही कळत नाही. सगळे डोळे सारखेच तपकिरी, मिटलेले. बापाने मला बुडाकडचे चार ठेवून वरची काडी कापायला शिकवलं, मी गोरक्षला चार शिकवलं. ज्याला कात्री धरायला मी शिकवलं, तो मेल्यावर मला सात शिकवणार? गुरूची विद्या गुरूला!

"तापात मानूस काय बी बोलतं," मी म्हणालो. परवाच्या तिन्हीसांजेबद्दल मात्र विचारलं नाही.

छाटणीच्या पहिल्याच संध्याकाळी मी कात्री कमरेला खोचली, तरी मागच्या ओळीत कात्री वाजत राहिली. कच्. मग बराच वेळ थांबून पुन्हा कच्. ही गोरक्षची सवय. कापण्याआधी तो काडीवरून अंगठा फिरवायचा. मी वळून पाहिलं नाही. भीती वाटली, खरं सांगतो. पण भीतीपेक्षा राग जास्त होता, म्हणून पुढचे दोन दिवस चार डोळ्यांवरच हात आणखी भराभर चालवला. छाटलेल्या काड्यांचा ढीग पाटाच्या कडेला ओलीत टाकला. कापलेल्या टोकांतून पाणी ठिबकत होतं, सबंध बागेत.

दिवाळीच्या तोंडावर बाग फुटली. हिरवीगार. नुसती पानं आणि तणावे. मी ओळीमागून ओळ हिंडलो. सहाशे वेलांत बोटांवर मोजण्याइतके घड होते.

नवसाबाई पाटाजवळ बसली होती. मला हाक न मारता ढिगाकडे बघत होती. ढिगातल्या काड्याही फुटल्या होत्या. मूळ नाही, माती नाही, आडव्या पडलेल्या त्या काड्या, आणि फुटव्याफुटव्यावर मोहरीएवढ्या मण्यांचा इवलासा घड. गोरक्षने उन्हाळ्यात सांभाळलेले घड सगळे तिथे होते. मीच कापून टाकलेले.

मी त्यातली एक काडी उचलली. "चुकलो," म्हणालो. हा शब्द माझ्या तोंडून गोरक्षने जन्मात ऐकला नव्हता.

ती खुरप्याने सरी ओढून एकेक काडी मातीत खोचू लागली.

"भाऊ परवा न्यायला येतील," ती म्हणाली. "मी नसंन, पन ह्यांच्या हातच्या काड्या तरी ऱ्हातील."

काडी जगवायची तर तिच्यावरचा घड काढावा लागतो. नाहीतर सगळा जीव घडात जातो आणि मूळ सुटतच नाही. हे तिलाही ठाऊक होतं. तिने एका घडाला हात लावला आणि मागे घेतला.

"तुमी तोडा, दादा. मला नाय तोडवत. तुमच्या हाताला सवय हाय."

मी एकेक घड नखाने खुडत गेलो. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायलाही थांबलो नाही. दिवस कलला. मागच्या ओळीत कात्री वाजली. तिनेही मान वर केली.

या वेळी मी वळून पाहिलं. ओळीत कोणी नव्हतं. आणि कापण्यासारखं तिथे मी काही ठेवलंच नव्हतं.