आत्याबाईंना सुरत दाखवायची

माझ्या सासूबाई, सखुबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, नांदुऱ्याहून गाडीत बसल्या त्या भुसावळपासून ओकत आल्या. सुरत स्टेशनावर उतरल्यावर त्यांनी पाणी मागितलं नाही, नातीला जवळ घेतलं नाही. फलाटावर उभ्या राहून पहिलं वाक्य बोलल्या ते हे, "सुमन, सामान बांधून ठेव. होळीच्या आत सगळे गावाले चला. या शहरात मानसं राह्यत नाईत."

शहर अजून पाहिलंही नव्हतं. पण त्यांचं तरी काय चुकलं? दीड वर्षापूर्वी प्लेगच्या वेळी आम्ही तोंडाला रुमाल बांधून सुरतेहून पळालो ते थेट त्यांच्या ओसरीवर जाऊन पडलो. महिनाभर राहिलो आणि परत आलो. तेव्हापासून सुरत म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे उंदीर. आता त्या स्वतः निकाल लावायला आल्या होत्या.

आणि निकाल त्यांचाच चालणार हे मला माहीत होतं. आमचे मालक, रघुनाथ, कारखान्यात आठ-आठ यंत्रमाग एकट्यानं सांभाळतात, पण आईपुढं त्यांच्या तोंडून 'हो माय' याशिवाय शब्द फुटत नाही. धाकटे सुकदेव भाऊजी त्यांच्याही वरताण. ते 'हो' म्हणायचीसुद्धा वाट बघत नाहीत, नुसती मान हलवतात.

मला जायचं नव्हतं. साफ नव्हतं. गावी सकाळी डोक्यावर घेतलेला पदर झोपतानाच खाली यायचा. इथं नवागामच्या खोलीत मी उघड्या डोक्यानं साड्यांना टिकल्या लावत बसते आणि मनात येईल ते बोलते. माझी पोरगी मयुरी मराठी शाळेत चौथीत आहे, वर्गात पहिली. गावी चौथीनंतर पोरींना शाळेतून काढून शेण गोळा करायला लावतात. एवढ्यासाठी मी सासूशी काय, यमाशीही भांडले असते. पण सासूशी भांडून कोण जिंकलंय? म्हणून मी ठरवलं, भांडायचं नाही, फिरवायचं. सुरत अशी दाखवायची की म्हातारीचं तोंड बंद व्हावं.

"रिक्षा करू," मी म्हटलं.

"मले गाडी लागते," आत्याबाई म्हणाल्या. "काय दाखवाचं ते पायानं दाखव."

झालं. नवागामहून किल्ल्याजवळच्या चौकबाजारापर्यंत पायी जायचं म्हणजे दोन तासांची वाट, तीही न थांबता. मयुरीनं वहीचं मधलं पान फाडलं आणि मोहिमेचा नकाशा काढला. रिंगरोडवरच्या कापडबाजाराच्या उंच इमारती, मग दिल्ली गेट, भागळ, गांधीबाग, किल्ला, शेवटी तापीवरचा पूल. पुलापलीकडे पोंक, म्हणजे ज्वारीचा हुरडा, खायचा, तेव्हा त्याचा हंगाम होता. काय दाखवायचं नाही याची यादी मी केली, तोंडीच. सांडपाण्याची खाडी दाखवायची नाही. रेल्वेखालच्या गरनाळ्यातलं साचलेलं पाणी दाखवायचं नाही. आणि मागाची शेड तर मुळीच नाही. खोलीत येणारा मागांचा आवाजच त्यांना सोसत नव्हता, आत नेलं असतं तर त्यांनी होळीचीही वाट पाहिली नसती.

वार बुधवारच घ्यावा लागला. बुधवारी आमच्या भागात वीज नसते, म्हणून शेडला सुट्टी. बाकीचे सहा दिवस हे दोघे भाऊ सूर्यचंद्रासारखे. मालक रातपाळीला, भाऊजी दिवसपाळीला, पंधरा दिवसांनी उलट. माग तेच, पाळी बारा तासांची, आणि घरात खाट एकच. एक उठून गेला की दुसरा तिच्यावर येऊन पडतो. बुधवारीही खाट रातपाळीवाल्याची, दुसरा दिवसभर बाहेर. गेल्या पाच वर्षांत ती खाट थंड झालेली मी पाहिली नाही.

अडचण अशी की त्या पंधरवड्यात मालकांची रातपाळी होती. म्हणजे बुधवारी सकाळी सातला सुटणार, आणि आम्ही आठला निघणार. मी भाऊजींना विचारलं, "हे चालतील का हो दिवसभर?"

भाऊजींनी डोकं खाजवलं. "वयनी, मधामधात बसाले जागा ठेवा. शांत. तिथी दोन डुलक्या मारतीन भाऊ."

मला ते पटलं. तसेही मालक बुधवारी चिडके असतात, सुट्टीचा मुहूर्त काही त्यांना मानवत नाही. मी नकाशावर तीन शांत जागा ठरवल्या. रिंगरोडच्या पलीकडचं एक मंदिर, गांधीबागेतली झाडाखालची बाकं आणि किल्ल्याची सावली. आत्याबाईंना म्हणायचं, 'दमलात, टेका थोडं', आणि टेकायचं खरं तर लेकानं. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश झाले की आदल्या दिवशी भाजीत मीठ दोनदा घातलं.

बुधवारी आठला निघालो. पुढं मयुरी कागद घेऊन, मागं आत्याबाई, त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन लेक, शेवटी मी डबे आणि पाण्याची बाटली घेऊन. रस्ते झाडलेले होते. प्लेगनंतर सुरतनं झाडू असा काय हातात धरला होता की विचारू नका. आत्याबाई खाली बघत चालल्या होत्या. त्या घाण शोधत होत्या, आणि ती सापडत नव्हती म्हणून त्यांचा चेहरा पडत होता.

"उंदीर कुठी हायेत?" त्यांनी विचारलं.

"आजी, बधा गया," मयुरी म्हणाली. "पालिकेनं मारले सगळे."

एक शून्य, मी मनात म्हटलं.

पण दुसरीकडं एक गंमत मी पाहत होते. दोघे भाऊ इतक्या दिवसांनी उजेडात शेजारी शेजारी चालत होते आणि सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांसारखे अवघडले होते. बऱ्याच वेळानं मालक म्हणाले, "चार नंबरच्या मागाचा ताणा लय तुटून रायला."

"हो," भाऊजी म्हणाले. "सात नंबरचंबी पाह्य."

 कापडबाजार आला, सहा मजली इमारती आल्या, साड्यांचे गठ्ठे डोक्यावर घेऊन पळणारी माणसं आली. तेव्हा कुठं भाऊजी म्हणाले, "चार नंबरले सुताचा नवीन बीम चढवाले सांगतलं म्या." इतकंच.

मंदिरात आम्ही टेकलो. थंड फरशी, उदबत्तीचा वास, चिटपाखरू नाही. मी मालकांना डोळ्यांनी खूण केली, झोपा. ते खांबाला टेकले, डोळे मिटले, आणि दोन मिनिटांत खाडकन उघडले. इकडं तिकडं पाहिलं. पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. "चला," म्हणाले, "इथी बरं नाई वाटत."

गांधीबागेत तर कहर झाला. झाडाखाली गार सावली, फुलांचे ताटवे, नऊवारीतल्या आत्याबाईसुद्धा बाकावर पाय पसरून "बरं हाये हे" म्हणाल्या. हे त्यांच्या तोंडून निघालेलं पहिलं चांगलं वाक्य. मी मनात गुढी उभारली. पण मालक? डोळे लाल, तोंड सुजलेलं, बाकावर आडवे झाले की ताडकन उठून बसत होते. पानं वाजली तरी मान वळवत होते.

"काहून रे, ढेकून चावते का?" आत्याबाईंनी विचारलं.

"नाई माय."

"मंग कायले उठबस करतं?"

लेक किती थकलाय हे त्यांना कळलं तर संपलंच. मी घाईनं म्हटलं, "चला, आधी मागं भागळला जाऊ, येताना बाजार नीट बघितला नाही. किल्ला मग बघता येईल." नकाशा उलटा झाला म्हणून मयुरी रुसली. "मम्मी, आ खोटुं छे, हे चुकलं," असं म्हणत ती कागद हलवत राहिली. आम्ही पुन्हा राजमार्गावर आलो. बसचे भोंगे, हातगाड्या, रिक्षा, "खसो, खसो" म्हणत वाट मागणारे हमाल. मालकांची चाल त्या गर्दीत संथ होत गेली. एकदा ते झोपेच्या गुंगीत विजेच्या खांबाशी बोलले. मी त्यांचा दंड धरला.

तहान लागली म्हणून आम्ही मागच्या एका गल्लीत शिरलो. तिथं पिठाची चक्की होती. दार उघडं, आत पट्टा फडफडतोय, जातं घरघरतंय, सगळी गल्ली थरथरत होती. चक्कीवाले छगनभाई पापण्यांपर्यंत पांढरे झालेले. मी ओरडून पाणी मागितलं, त्यांनी बोटानं माठ दाखवला. मी पेला भरून वळले तर मालक दिसेनात.

ते आत होते. गव्हाच्या पोत्यावर डोकं, दुसऱ्या पोत्यावर पाय, तोंड उघडं. चक्कीपासून दोन हातांवर. त्यांच्या मिशीवर पीठ बसत होतं आणि ते घोरत होते. घोरणं ऐकू येत नव्हतं, फक्त दिसत होतं.

मी धावले. आता सगळं उघडं पडणार होतं. मी त्यांचा खांदा धरणार तेवढ्यात छगनभाईंनी हात आडवा केला. "सूवा दो ने, बेन," झोपू द्या म्हणून ते माझ्या कानाशी ओरडले. "थाकी गया लागे छे." आणि मागून आत्याबाईंनीही माझा पदर ओढला. त्या तिथंच जमिनीवर बसल्या, लेकाच्या डोक्याशी. आम्हीही बसलो. किल्ला गेला, पूल गेला, पोंक गेला. माझी मोहीम पिठात बसली होती.

किती वेळ गेला कोण जाणे. गव्हानंतर एका बाईनं बाजरी दळायला आणली, म्हणून जातं झाडायला छगनभाईंनी खटका ओढला. पट्टा थांबला. गल्लीत एकदम शांतता पडली.

मालक उडी मारून उभे राहिले. पांढरी मिशी, तांबडे डोळे. "कोनता बंद पडला?" ते ओरडले. "सुक्या, चार नंबर का?"

छगनभाई हसायला लागले. मयुरी खिदळली. आत्याबाई हसल्या नाहीत. त्या लेकाच्या तोंडाकडं टक लावून पाहत होत्या.

"म्हून," त्या हळूच म्हणाल्या. "म्हून तू प्लेगच्या टायमाले गावात झोपत नव्हता."

मला एकदम आठवलं. तो सगळा महिना मालक गावी रात्रभर ओसरीवर येरझाऱ्या घालायचे. आत्याबाईंना वाटलं, बाहेरचं काही लागलं. त्यांनी दोन भगत आणले, एक कोंबडं गेलं, दंडाला काळा दोरा बांधला. आणि होतं काय, तर गावात आवाज नव्हता. माग थांबला की माणसानं उठायचं, ही सवय त्यांच्या हाडात शिरली होती. आमच्या खोलीच्या भिंतीमागं दिवसरात्र माग चालतात, तिथं ते लहान मुलासारखे झोपतात. फक्त बुधवारी नाही. मी अडाणी, इतकी वर्षं त्याला सुट्टीचा चिडकेपणा समजत होते आणि आज त्यांच्यासाठी शोधून शोधून शांत जागा काढल्या होत्या!

आत्याबाईंनी पदरानं मालकांच्या मिशीवरचं पीठ पुसलं. मग त्या भाऊजींकडं वळल्या. "तू कवा झोपतं?"

"हा जाते तवा."

"आन हा?"

"मी जातो तवा."

"मंग दोघं बोलता कवा?"

भाऊजींनी मालकांकडं पाहिलं. "गेटावर," ते म्हणाले. "पाळी बदलते तवा. दोन मिन्ट."

"आन काय बोलता?"

मालक बाहीवरचं पीठ झटकू लागले. मला उत्तर माहीत होतं, ताणा आणि बीम. आत्याबाईंनाही कळलं होतं, सकाळपासून त्या ऐकतच होत्या.

आम्ही परत निघालो. मी मनाची तयारी केली. आता म्हणतील, चला. आता कसला किल्ला आणि कसली शाळा, ही बाई दोन्ही लेकांना बखोटीला धरून गाडीत घालणार. रिंगरोडपर्यंत त्या तरातरा चालल्या. मग थांबल्या.

"सुमन, याले आता गावात झोप येनार नाई. नेऊन काय करू?"

 मी जिंकले होते! कशानं जिंकले, तर चक्कीनं, पण जिंकले. मयुरीचा हात मी असा दाबला की ती ओरडली.

"मीच राह्यतो इथी," आत्याबाई म्हणाल्या.

माझे पाय रस्त्याला चिकटले. दहा बाय दहाची खोली, एक खाट, आणि आता सासू. उघडं डोकं गेलं, मनात येईल ते बोलणं गेलं. मी तोंड उघडलं, जागा कुठं आहे आत्याबाई, हे अगदी ओठांवर आलं.

"पाच वर्सांत माह्या पोरांची भेट दोन दोन मिन्टांची," त्या म्हणाल्या. "यानं खाल्लं का, त्याले ठाव नाई. त्याले ताप होता का, याले ठाव नाई. मधात कोनी जागं पायजे, सुमन. याचं त्याले सांगाले आन त्याचं याले. नाईतं एक दिस हे एकमेकाले पाव्हणे म्हनतीन."

पुढं दोघे भाऊ चालले होते, हातभर अंतर ठेवून, खाली मान घालून. त्या दोघांच्या मध्ये मी पाच वर्षं राहिले होते. दोघांना गरम पोळ्या वाढल्या, दोघांचे कपडे धुतले, आणि एकाचं दुसऱ्याला कधी काही सांगितलं नाही. कुणी विचारलं नाही, मलाही सुचलं नाही. मला राग आला, आत्याबाईंचा नाही, माझाच, आणि भर रस्त्यात डोळे भरून आले.

"राहा," मी म्हटलं, आणि ओठांवर आलेलं बाकी सगळं गिळून टाकलं.