लाल खुणेचा नळ

परदेशी आगगाडीच्या खिडकीबाहेरून एकामागून एक किल्ले सरकत होते आणि नवरा प्रत्येकाची जन्मकुंडली वाचून दाखवत होता. "हा बघ, आठशे वर्षांचा!" तिची नजर मात्र खिडकीच्या कडेला कुणीतरी चिकटवलेल्या च्युइंगगमवर खिळलेली. मांडीवरचं त्यांचं सात महिन्यांचं पिल्लू नेमकं तिथेच जीभ लावायला झेपावत होतं. सीटवर कसलासा वाळका डाग. पायाखाली चिकचिक, बूट उचलला की चर्र आवाज व्हायचा. शी! दुरून डोंगर साजरे म्हणतात, इथे तर अख्खा देशच.

पिल्लू भुकेनं रडायला लागलं. प्रवासापुरती मोजून आणलेली दुधाची पावडर, तिचे शेवटचे तीन चमचे तिनं बाटलीत टाकले, थर्मासमधलं पाणी ओतून हलवलं आणि मनगटावर थेंब टाकला. थेंबाला साबणाचा वास.

"हे पाणी कुठून आणलंस?"

"तूच म्हणालीस ना, गरम पाणी भरून आण? आणलं."

"कुठून पण?"

"गाडीतूनच. दोन नळ आहेत, लाल खुणेचा गरम. सोय बघ केवढी!" त्यानं डब्याच्या टोकाकडे हनुवटी उडवली.

तिथे संडास होता. सकाळी ती नाक दाबून, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळून जाऊन आली होती. बेसिनमध्ये कुणाचे तरी केस, नळाच्या तोंडाला हिरवट बुळबुळीत काहीतरी.

"अरे, आपल्या घरात गरम पाणी म्हणजे उकळलेलं! सात महिने कोण उकळतंय?"

"मग उकळलेलं म्हणायचं. मला काय स्वप्न पडतं? आणि एवढ्या-तेवढ्यानं काही होत नाही गं. मी लहानपणी माती खायचो."

"दिसतंच आहे ते."

बाटली पाहून पिल्लानं दोन्ही हात पुढे केले. पाजावं तर तो नळ डोळ्यांपुढे, न पाजावं तर पावडर संपलेली. तिनं बाटली नवऱ्यापुढे धरली.

"काही होत नाही ना? घे. तू पी आधी."

त्यानं हसत बाटली घेतली, तोंडाशी नेली, वास घेतला. हसू ओसरलं. बाटली तोंडाशीच थबकली.

तेवढ्यात गाडी थांबली. पिल्लाला काखोटीला मारून ती उतरलीसुद्धा, औषधाच्या दुकानाची पाटी शोधत.

"अगं, हे आपलं स्टेशन नाही!"

"पावडर मिळेल ते आपलं स्टेशन," ती न थांबता म्हणाली.

शिट्टी झाली. नवरा दारात, एक पाय आत, एक बाहेर, हातात बाटली.