यल्लव्वाचा अर्ज

विधानसभेला अपक्ष उभ्या राहिलेल्या प्रतिमाताई जे. पी. नगरातल्या प्रत्येक सभेत एकच सांगायच्या, "बंगळुरूचे लोक आळशी आहेत. मतदानाची सुट्टी घेतात आणि घरात लोळतात."

त्यांच्याकडे स्वयंपाकाला येणारी यल्लव्वा पूर्वी यशवंतपूरला राहायची. तिकडच्या यादीतून तिचं नाव कटलं होतं. इकडच्या यादीत नाव घालण्याचा अर्ज तिने भरून ताईंच्या हाती दिला. "मी बघते," ताई म्हणाल्या आणि प्रचाराच्या धांदलीत विसरून गेल्या. मुदत टळली.

मतदानाच्या दिवशी यल्लव्वा ठेवणीतलं इरकल नेसून, मोगरा माळून तासभर रांगेत उभी राहिली. पण यादीत तिचं नावच सापडेना. केंद्राच्या फाटकाशी ताई भेटल्या तेव्हा ती ओशाळून म्हणाली, "माझंच कायतरी चुकलं असंल, अक्का. मत तुम्हालाच घालणार होते."

"तुझं नाही गं चुकलं. अर्ज माझ्याकडेच पडून राहिला," ताई कशाबशा बोलल्या.

यल्लव्वा मग कानडीत "सरी अक्का," म्हणजे बरं ताई, एवढंच म्हणून घराकडे वळली.

ताई मोठ्या फरकाने हरल्या. त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. निकालानंतर एका वार्ताहराने विचारलं, "मॅडम, मतदान इतकं कमी का झालं?"

उत्तर तोंडपाठ होतं, पण ओठांवर येईना.

"एक बाई आली होती मत द्यायला," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळे परत गेली."

वार्ताहराला काही कळलं नाही. त्याने माईक दुसऱ्या उमेदवाराकडे वळवला.