दोघींत एक बाटली

मला प्रश्न विचारायची खोड आहे. शेवगावच्या दवाखान्यात रेश्मा डॉक्टरांनी इस्ट्रोजेन लिहून दिलं, तेव्हा मी आधी विचारलं, हे येतं कुठून? मागे रांग होती, पण बाई वैतागल्या नाहीत. म्हणाल्या, पाळी असेपर्यंत ते आपल्याच अंडाशयात बनतं. बाहेरून द्यायचं तर एक जात गाभण घोडीच्या लघवीतून काढतात. दुसरी इस्ट्राडायोल, ती सोयाबीनसारख्या वनस्पतीपासून बनवतात, पण अगदी आपल्या अंगातल्यासारखीच. घोडीचं मला दोन दिवस नवल वाटत राहिलं. पहिल्यांदा हे कुणाच्या डोक्यात आलं असेल?

इस्ट्राडायोलची गोळी असते, कातडीला चिकटवायची पट्टी असते आणि चोळायचं जेल असतं. उसाच्या मोळ्या वाहून माझ्या पायाच्या शिरा फुगल्यात. गोळीने रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो, म्हणून मला जेल. "कडूबाई, तुमची गर्भाची पिशवी काढलेली आहे, तेव्हा नुसतं इस्ट्रोजेन चालेल," बाई म्हणाल्या. "पिशवी असती तर जोडीला प्रोजेस्टेरॉन द्यावंच लागलं असतं. नाहीतर आतलं अस्तर जाड होत जातं, पुढे कॅन्सरही होऊ शकतो." हे मी नीट ध्यानात ठेवलं.

माझी पिशवी आणि दोन्ही अंडाशयं तेहतिसाव्या वर्षीच गेली, त्याला अकरा वर्षं झाली. आमच्या ऊसतोडीच्या टोळीत पाळीसाठी खाडा झाला की बिभीषण मुकादमाच्या कपाळाला आठ्या पडायच्या, म्हणून एकेक बाई पिशवी काढून यायची. मी भीत होते. मग देवळाली प्रवऱ्याच्या हंगामात माझी थोरली जाऊ झुंबरबाई पोट दुखतंय म्हणून दवाखान्यात गेली, टाके घालून आली आणि महिन्याभरात पुन्हा कोयता धरून उभी राहिली. तिला काही झालं नाही, असं बघून मीही गेले.

मला मात्र झालं. थंडीत घाम फुटायचा, हाडं ठणकायची, झोप उडाली. अकरा वर्षं सगळे त्याला उष्णता म्हणत राहिले. जेल लावायला लागल्यावर महिन्याभरात मी माणसात आले.

तोवर झुंबरबाईलाही एक्कावन्नावं लागलं होतं. तीही चुलीपासून उठून पदराने वारा घेत बसायची. टोळीत गोळ्यांची एक पट्टी सगळ्या कोप्यांतून, पाचटाच्या झोपड्यांतून फिरायची, ती सवय घरी आल्यावरही सुटली नव्हती. तरी मी आपलं डोकं चालवलं. हिचे पाय चांगले, हिचीही पिशवी काढलेली, मग माझ्या बाटलीतलं नुसतं जेल चालेलच. रोज सकाळी तिच्या दंडाला मीच जेल चोळायचे आणि स्वतःच्या हुशारीवर खूश व्हायचे. ती मुकाट्याने हात पुढे करायची.

पाचव्या महिन्यात न्हाणीमागे जुन्या लुगड्याखाली लपवून वाळत घातलेलं फडकं मला दिसलं. त्यावर रक्ताचा डाग होता. आमच्या घरात पाळी येणारं कुणी उरलं नव्हतं. मी फडकं तिच्यापुढे धरलं, तशी ती धुण्याच्या दगडावर बसली.

"कडू, माझी पिशवी हाय," ती म्हणाली.

तेव्हा अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. परत आल्यावर मुकादमच म्हणाला, बरं झालं काढलीस, आणि हिने तसंच राहू दिलं. पुढे पाळी जाईपर्यंत ती दिवस उजाडायच्या आत पाटावर जाऊन फडकी धूत राहिली.

"मंग मला का सांगितलं न्हाई, आक्का?"

"तू काढून आलीस तवा कळलं, माझं बघून गेलीस म्हनून. कोनत्या तोंडानं सांगू?"

मला इतका राग आला की तिचं तोंड बघवेना. पण त्या रागातच बाईंनी सांगितलेलं ते जाड होणारं अस्तर आठवलं. दुसऱ्या दिवशी तिला शेवगावला नेलं. डॉक्टरांनी आधी मला झापलं, आणि ते बरोबरच होतं. जेल बंद झालं. अस्तर जाड झालं होतं, त्याचा तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट येईपर्यंत आठ दिवस मी तिच्याशी बोलले नाही आणि तिच्याशिवाय जेवलेही नाही. कॅन्सर नव्हता. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या सुरू झाल्या.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणीला बोलावलं, तेव्हा सोनोग्राफीच्या खोलीत मलाही जाऊ दिलं. त्याआधीच पुन्हा घेतलेल्या तुकड्याचा रिपोर्ट चांगला आला होता. काळ्या पडद्यावर राखाडी काहीतरी हललं. बाईंनी बोट ठेवून दाखवलं, ही पिशवी आणि हे अस्तर, आता पातळ आहे. मी पडद्याजवळ गेले. लहानशा पेरूएवढीसुद्धा नव्हती ती.

"माझी बी एवढीच हुती का?" मी विचारलं.

झुंबरबाईने पडल्या पडल्या माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला नाही.